जनावराचा शेवट: एका एकांकिकेच्या कामाच्या नोंदी

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या हौशी मंडळाची यंदाची एकांकिका अशी: पौर्णिमेला एका पोराचं जनावर होतं, आणि शेवटी त्याला मारावं लागतं. पाऊण तासाचा प्रयोग, पाच पात्रं, जत्रेतला मांडव. संहिता मंडळातल्याच एकाची. दिग्दर्शन आणि रंगभूषा दोन्ही माझ्या गळ्यात पडलं, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. असलं काही करायला निघालेल्या दुसऱ्या मंडळांना उपयोगी पडेल म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतो आहे.

४ ऑक्टोबर

पहिलं वाचन. सुरुवात चांगली, मधला भाग चालेल. शेवट म्हणजे भाषण. बाप रानात सावज समजून गोळी घालतो, जवळ जाऊन तोंड बघतो आणि मग दोन पानांचं स्वगत. बापाचं काम करणारे नाना खूश. संगीत नाटकांत वाढलेला माणूस, स्वगत मिळालं की त्यांचा आवाज आपोआप वर चढतो. बाकीचे घड्याळाकडे बघत होते.

जनावर कुठलं, यावर बरीच खडाजंगी झाली. वाघ नको, असं पोराचं काम करणाऱ्या मुलाने आल्या आल्या सांगितलं. तो सत्तरी तालुक्यातला. त्यांच्याकडे वाघ्रो हा देव आहे. शिवाय २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारलेले सापडले होते, ते तिथे अजून कुणी विसरलेलं नाही. देवचार सुचवला गेला. तोही नको. तो गावाचा राखणदार, त्याला रोट आणि विडी ठेवणारी माणसं मांडवात पहिल्या रांगेत बसणार. कोल्हा घेतला तर लोक हसतील. लांडगा आमच्याकडे कुणी पाहिलेला नाही. शेवटी जनावराला नावच द्यायचं नाही असं ठरलं. पात्रं त्याला नुसतं ‘ते’ म्हणतील. रंगभूषेचं काम यामुळे सोपं होईल असं वाटलं होतं. झालं उलटंच, ते पुढे येईलच.

९ ऑक्टोबर

शेवट बसत नाही म्हणून माझ्या घरी प्रोजेक्टर लावून ‘वेअरवुल्फ’ (लांडगा होणारा माणूस) चित्रपटांची फक्त शेवटची पंधरा-वीस मिनिटं पाहिली. भीती कशी घालतात हे आम्हाला शिकायचं नव्हतं. मारतो कोण, मारताना त्याला काय माहीत असतं आणि मेल्यावर तोंड कुणाचं दिसतं, एवढंच टिपायचं होतं.

१९३५ चा ‘वेअरवुल्फ ऑफ लंडन’: वनस्पतिशास्त्रज्ञ डॉक्टर बायकोवर धावून जातो आणि पोलीस अधिकारी त्याला गोळी घालतो. मरताना तो त्या गोळीबद्दल आभार मानतो. चांगली जागा आहे, पण मारणारा परका. बायको वाचते, पोलीस आपलं काम करून मोकळा होतो.

१९४१ चा ‘द वुल्फ मॅन’: इथे सगळे सरसावून बसले. लॅरी टॅलबटला त्याचा बाप मारतो, तेही पोराच्याच चांदीच्या मुठीच्या काठीने. आपण कुणाला मारतोय हे बापाला माहीत नसतं. काठी थांबते आणि त्याच्या डोळ्यांदेखत जनावराचं पोर होतं. मग अधिकारी येतो आणि परस्पर निष्कर्ष काढून टाकतो: लांडग्याने मुलीवर हल्ला केला, लॅरी तिला वाचवायला धावला. खरं काय ते बापाला ठाऊक, आणि तो गप्प. नाना म्हणाले, परत लाव.

१९६१ चा ‘द कर्स ऑफ द वेअरवुल्फ’: मारतो सांभाळ करणारा बापच, पण इथे त्याला सगळं माहीत आहे. चांदीची गोळी भरून, ठरवून तो घंटाघराकडे जातो.

‘जिंजर स्नॅप्स’ (२०००): बहिणीच्या हातातल्या सुरीने बहीण मरते. माणसाचं तोंड परत येतच नाही. धाकटी त्या जनावराच्याच अंगावर डोकं टेकून पडते. वहिनी (आईचं काम करणाऱ्या) मधेच उठून आत गेल्या. चहा ठेवायला गेले होते म्हणाल्या, पण चहा काही आला नाही.

‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ (१९८१) रात्री उशिरा लावला. गल्लीत कोंडलेलं जनावर, समोर प्रेम करणारी मुलगी. क्षणभर ते शांत झाल्यासारखं वाटतं, मग झेप आणि पोलिसांच्या गोळ्या. जमिनीवर उघडा पोरगा पडलेला, आणि लगेच काळा पडदा आणि वर उडत्या चालीचं जुनं गाणं. शोक करायला सवडच नाही. आमच्यातली तरुण पोरं यावर फिदा.

११ ऑक्टोबर

गोळी बापाने घालावी की परक्याने, यावर वाद झाला आणि संहितेतलं एक पात्र उडालं. पहिल्या खर्ड्यात वनरक्षक होता. मारण्याचं काम परक्याच्या हाती दिलं की प्रेक्षक सुटतो आणि घरचेही सुटतात. मारणारा घरचाच हवा. यावर एकमत.

बापाला कळलेलं असावं की नसावं, यावर मात्र नाही. न कळता मारणं १९४१ मध्ये चालतं, कारण कॅमेरा बापाच्या तोंडाला जाऊन चिकटतो. मांडवात शेवटच्या रांगेतल्या माणसाला नानांच्या डोळ्यांत काय चाललंय ते दिसणार नाही, म्हणून तर लेखकाने स्वगत घातलं होतं. कळून मारलं तर स्वगताची गरजच राहत नाही, सगळं आधीच्या प्रवेशात येऊन गेलेलं असतं. तो प्रवेश लिहायला घेतला आहे: पोर बापाकडून वचन मागतं, बाप देत नाही.

१७ ऑक्टोबर

मुखवटा आला. ऑनलाइन मागवलेला, रबराचा, १,८५० रुपये. चित्रात लांडगा होता, खोक्यातून निघालं ते अस्वल. परत घेत नाहीत.

तरी घालून तालीम केली. आवाज कोंडतो, पोराची वाक्यं पहिल्या रांगेलाही कळत नाहीत. पाच मिनिटांत आत घामाचं तळं. ऑक्टोबरच्या उकाड्यात फोंड्याला कुणी हे करू नये. पण खरी अडचण वेगळीच होती: डोळे खोल गेले. समोर बाप रडतोय आणि रबर बघतंय. अंगणात बसलेली वाड्यावरची पोरं खो खो हसली आणि त्यांचं बरोबर होतं. मुखवटा त्यांनाच देऊन टाकला.

२४ ऑक्टोबर

आता थेट तोंडावर काम. द्रव लॅटेक्स (पातळ रबर), कापूस, वर क्रेपचे केस (चिकटवायचे नकली केस). फोटोत झकास दिसतं.

या हवेत लॅटेक्स वाळायला फार वेळ खातं. संध्याकाळी सरी आल्या की आणखीच. पंख्याचा उपयोग नाही, ड्रायर थंड हवेवर ठेवून प्रत्येक थर वाळवावा लागतो. भुवयांवर आधी व्हॅसलीन चोपडा, नाहीतर काढताना भुवई हातात येईल. आमच्या पोराची अर्धी आली. आदल्या दिवशी कोपराच्या आत थोडं लावून कातडी लाल होते का ते बघा, लॅटेक्स काहींना सोसत नाही.

दोन तास बसून तयार झालं आणि तालमीत शेवटच्या प्रवेशाला येऊन अडलं. पोर मेलं, तोंड जनावराचंच. आता पुन्हा माणूस कसा करायचा? दिवे घालवून विंगेत न्यायचं? तिथेही सोलून काढायला दहा मिनिटं लागणार. लेखक म्हणाला, राहू दे जनावरच, ‘जिंजर स्नॅप्स’मध्ये राहतं की. करून पाहिलं. आमच्या प्रयोगात ते नुसतं मेलेलं जनावर वाटलं. त्या चित्रपटात दोन बहिणींचा सगळा जन्म आधी येऊन गेलेला असतो, तेवढा वेळ आमच्याकडे नाही.

खर्च: लॅटेक्स, क्रेप, स्पिरिट गम (केस चिकटवायचा गोंद) मिळून २,३०० च्या आसपास. यातलं फक्त क्रेप आणि गम पुढे कामाला आलं.

२९ ऑक्टोबर

१९४१ चा चित्रपट पुन्हा लावला, या वेळी पुरा. एक गोष्ट आधी निसटली होती. माणसाचं जनावर होताना तोंड दाखवतच नाहीत. बूट-मोजे निघतात आणि पायांवर केस येतात, बस्स. रंगभूषाकार जॅक पिअर्सने याकाचे केस चिकटवून केलेलं ते तोंड बदलताना दिसतं ते एकदाच, अगदी शेवटी, आणि तेही उलटं, जनावराचा माणूस होताना. चित्रांवर चित्रं विरघळवत नेण्याची ती सगळी मेहनत त्यांनी मरणासाठी राखून ठेवली होती.

आम्ही सगळं बळ जनावर करण्यात घालवत होतो, त्याचा पुन्हा माणूस करायला हातात काही उरलं नव्हतं. हे कळल्यावर कामाची दिशाच फिरली. चाळीस वर्षांनी ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ’मध्ये रिक बेकरने उजेडात, भर दिवाणखान्यात हाडं लांबताना दाखवली आणि रंगभूषेचं पहिलं स्पर्धात्मक ऑस्कर घेतलं, ते थोरच. पण त्याच्याकडे जे होतं ते आमच्याकडे नाही. आमच्याकडे एक धोतर आहे.

तर धोतर. दोघांनी दोन टोकं धरायची, मागे पोर उभं, खाली फक्त पाय दिसतात. चप्पल निघते. बोटं आखडतात. मग टाच वर उचलली जाते आणि पुन्हा खाली येत नाही. इथून शेवटपर्यंत तो चवड्यांवरच चालतो. टाच टेकते ती गोळी लागल्यावर. केस नाहीत, रंग नाही, तरी पहिल्याच खेपेला वहिनींच्या अंगावर काटा आला.

पोटऱ्यांत गोळे येतात. रोज जिना चवड्यांवर चढायला लावला आहे, आणि तालमीआधी गरम पाण्यात पाय.

५ नोव्हेंबर

शेवटी माणूस कोण करणार? बाप. पंच्याने तोंड पुसतो आणि पुसता पुसता केस निघून येतात. ही कल्पना नानांची. पोर आजारी असताना घाम पुसतात तसं, असं म्हणाले आणि लगेच करूनही दाखवलं.

कल्पना सोपी, जमवणं अवघड. गम नेहमीसारखा लावला तर केस सुटत नाहीत, नाना ओढतात आणि मेलेलं पोर कळवळतं. दुहेरी चिकटपट्टी लावली तर घामाने दुसऱ्या प्रवेशातच कल्ला लोंबायला लागतो. बरीच खटपट केल्यावर जे टिकलं ते असं:

क्रेपचे केस तोंडावर सुटे लावायचे नाहीत. आधी बारीक जाळीवर चिकटवून तुकडे करायचे, दोन कल्ले, हनुवटी, कपाळ. जाळीला गम फक्त टोकांना, मूगडाळीएवढा ठिपका, मधे मोकळी. कातडीवरचा घाम टिपून पावडर, मग गम, आणि गम हाताला चिकट लागायला लागल्यावरच जाळी दाबायची. ओल्या गमवर लावली की घसरते. डोळ्यांभोवती केस अजिबात नाहीत, तिथे फक्त ग्रीसपेंटची काळपट तपकिरी सावली. डोळे पूर्ण मोकळे राहिले पाहिजेत, मुखवट्याने एवढं शिकवलं.

पंच्याच्या एका टोकाला खोबरेल तेल. नाटकवाले रंग उतरवायला पिढ्यान्‌पिढ्या तेच वापरतात, गमही त्याने सैल होतो. नानांनी आधी तेलाचं टोक ठिपक्यांवरून फिरवायचं, थोडं थांबायचं, मग कोरड्या टोकाने पुसायचं. थांबायला निमित्त हवं म्हणून तिथे पोराच्या कपाळावर हात ठेवायची हालचाल घातली. केसांचा तुकडा पंच्यातच गुंडाळला गेला पाहिजे, जमिनीवर पडला की हशा.

१२ नोव्हेंबर

उत्सव समितीचे दोघे तालीम बघायला आले. देवळाच्या मांडवात पोर मारून पडदा पाडायचा नाही, म्हणाले. शेवटी एखादा ऋषी येऊन उःशाप देऊ दे.

त्यांच्यासमोर वाद घातला नाही, दुसऱ्या दिवशी तसं करून पाहिलं. मनापासून केलं. ऋषी आला, कमंडलूचं पाणी शिंपडलं, पोर उठून बसलं. वहिनी तालीम संपल्यावर म्हणाल्या, मग मी मघापासून रडत होते ते कशासाठी?

समितीकडे परत गेलो ते ‘एकच प्याला’ घेऊन. गडकऱ्यांचं हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आलं आणि गोव्यातल्या जत्रांत त्याचे प्रयोग पाहतच आम्ही मोठे झालो. त्यात तान्हं मूल जातं, सिंधू जाते, सुधाकर विष घेतो. कुणी उःशाप मागत नाही. आणि नीट बघितलं तर ती आमचीच गोष्ट आहे. चांगला माणूस, त्याचं काहीतरी होतं, शुद्धीवर आल्यावर शपथा, पुन्हा तेच, आणि शेवटी घरातल्यांवरच हात. चंद्राच्या जागी प्याला. सिंधू मरतानासुद्धा नवऱ्याला वाचवायला खोटं सांगते. इथे मला १९४१ चा तो अधिकारी आठवला. तिथेही कागदावर जे जातं ते खोटंच.

समिती कबूल झाली. पालखीच्या रात्री नको, दुसऱ्या रात्री करा, आणि नंतर भजन ठेवा. चालेल.

या भांडणात आम्हाला शेवटचं वाक्य मिळालं. स्वगत गेलं. हवालदार विचारतो, बाप सांगतो: “ते माझ्यावर आलं. पोराने मधे उडी घेतली. गोळी त्याला लागली.” आई बाजूला उभी आहे, तिला सगळं माहीत आहे, ती मान हलवते. पडदा.

१९ नोव्हेंबर

आवाज. डाउनलोड केलेली कोल्हेकुई ऐकून वाड्यावरचे कुत्रे भुंकायला लागले आणि अर्धा तास तालीम बंद. मग घुमट (तोंडावर चामडं ताणलेलं मातीचं वाद्य) आणलं. एका हाताने चामड्यावर थाप आणि दुसऱ्या हाताने मागचं तोंड झाकत-उघडत राहिलं की नाद आत ओढल्यासारखा होतो, कुणीतरी दम धरून बसल्यासारखा. वाजवणारा विंगेत बसून पोराच्या पायांकडे बघत वाजवतो. टाच उचलली की सुरू, टेकली की बंद. घुमट बकऱ्याच्या चामड्याचं, घोरपडीच्या चामड्यावर बंदी आहे. भाड्याने घ्याल तर विचारून घ्या.

बंदूक लाकडाची, ठासणीच्या धाटणीची. आमच्याकडे शेत राखायला परवान्याची बंदूक असते, त्यामुळे ती बापाकडे कशी आली हे सांगावं लागत नाही. गोळीच्या बाराचा आवाज म्हणून विंगेत सागाची फळी लादीवर आपटतो. स्पीकरमधला बार खेळण्यातला वाटत होता.

२३ नोव्हेंबर

तरुण मंडळींच्या हट्टाखातर वाड्यावर खुल्या तालमीत ‘अमेरिकन वेअरवुल्फ’सारखा शेवट करून पाहिला. बार, त्याच क्षणी सगळे दिवे बंद, वर उडतं गाणं. गाणं सुरू व्हायच्या आतच लोकांनी मोबाईलचे टॉर्च लावले. एका आजीने मोठ्याने विचारलं, वीज आमचीच गेली की सगळ्यांची? ज्या गावात आठवड्याला वीज जाते तिथे अचानक अंधार करून धक्का देता येत नाही. उजेड डिमरवर हळूहळू उतरवा, म्हणजे तो मुद्दाम केलाय हे कळतं.

७ डिसेंबर

प्रयोग झाला. मांडव भरलेला, मागे खाज्यांच्या आणि खेळण्यांच्या फेरीचा (जत्रेतल्या दुकानांचा) गोंगाट. धोतराचा प्रवेश सुरू झाला तसा पुढचा भाग गप्प झाला, मागचा नाही.

शेवटी डावा कल्ला अडकला. थंडी पडल्यामुळे घाम कमी आला होता आणि गमने जास्तच धरलं. नानांनी एकदा पुसलं, दोनदा पुसलं, सुटेना. विंगेत मी कपाळावर हात मारून घेतला. नानांनी ओढलं नाही. पंचा बाजूला ठेवला, बोटांनी कल्ल्याची कड शोधत शोधत सोडवायला लागले आणि संहितेत नसलेलं बोलले, “जरा थांब हां, लागेल तुला.” मेलेल्या पोराला. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ते ऐकू गेलं असावं, कारण फेरीकडून परत येणारे तिथेच उभे राहिले. हवालदाराचं काम करणारा आपली एंट्री विसरला, त्याला ढकलावं लागलं.

नंतर भजनाच्या आधी दोन काका भांडत होते. बापाने खरं सांगायला हवं होतं, असं एकाचं म्हणणं. दुसरा म्हणत होता, सांगून विश्वास कुणी ठेवला असता? मला १९८१ चा ‘द हाउलिंग’ आठवला. त्यात बातम्या देणारी बाई थेट प्रक्षेपणात सगळ्यांसमोर बदलते, गोळी खाते, आणि बघणाऱ्यांना वाटतं ही काहीतरी करामत आहे.

९ डिसेंबर

हिशेब: रंगभूषा ५,४०० (त्यातले मुखवट्याचे आणि लॅटेक्सचे अक्षरशः पाण्यात), दिवे आणि डिमर भाडं ४,०००, घुमट फुकट, धोतर नानांचं.

पुढच्या प्रयोगासाठी बदल: थंडीत गमचे ठिपके निम्मे, कल्ल्यांना प्रत्येकी दोनच. तेलाचं टोक पडद्यामागे गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवायचं, खोबरेल या दिवसांत थिजतं. “लागेल तुला” संहितेत घेतलं आहे, आणि कल्ला सुटत असला तरी नानांनी तो बोटांनीच सोडवायचा. जाळीचे तुकडे स्पिरिटमध्ये धुऊन वर्तमानपत्रावर सपाट वाळत घातले आहेत, अजून दोन प्रयोग निघतील. ज्यांना हवे असतील त्यांनी जानेवारीनंतर घेऊन जावेत, केस काळे-तपकिरी आहेत, पांढरे नाहीत.

नानांनी स्वगतातली दोन वाक्यं परत मागितली आहेत. लेखक एकाला तयार झाला आहे.